फॉरमॅट मारण्याआधी

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडसारख्या गावात कॉम्प्युटर शहरातल्यापेक्षा जास्त वर्षं राबतो. झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात, डीटीपीवाल्याकडे, शाळेच्या संगणक कक्षात दहा-बारा वर्षांपूर्वीचं मशीन अजून रोज सकाळी चालू होतं, सातबारा काढून देतं, पीक विम्याचे अर्ज भरतं, लग्नाच्या पत्रिका छापतं. मग एखाद्या दुपारी पडदा निळा पडतो. पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर, त्याखाली शून्यांनी भरलेले आकडे, आणि ते वाचून होण्याआधीच मशीन बंद होऊन पुन्हा चालू. समोर शेतकरी कागद घेऊन खोळंबलेला असतो. ‘विंडोज उडाली’ असं निदान होतं आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ हा उपाय ठरतो.

हे निदान जुन्या मशीनच्या बाबतीत फार वेळा चुकतं आणि उपायाने तर जास्तच नुकसान होतं. दोष पुष्कळदा विजेत, उष्णतेत, रॅममध्ये, हार्डडिस्कमध्ये किंवा नाण्याएवढ्या एका सेलमध्ये असतो. फॉरमॅटने यातलं काहीच दुरुस्त होत नाही. माहिती जाते, आणि बिघाड कुठे झाला हे सांगणारी नोंदही तिच्यासोबत पुसली जाते. नवी विंडोज चार दिवस बरी चालते, पाचव्या दिवशी पडदा पुन्हा निळा होतो आणि मग ‘मशीनच भंगार झालं’ असं म्हणून ते खरोखरच भंगारात जातं.

त्या निळ्या पडद्यामागे काय घडतं ते आधी बघू. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा थेट प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क सांभाळतो, तो कर्नल. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अधिकारांच्या चार पायऱ्या आहेत. विंडोज आणि लिनक्स त्यातल्या दोनच वापरतात: शून्य क्रमांकाच्या पायरीवर कर्नल, तिसऱ्या पायरीवर आपले सगळे प्रोग्रॅम. वर्ड, ब्राउझर किंवा टॅली यांना मेमरीचा जो तुकडा दिलेला असतो त्याच्या बाहेर हात घालता येत नाही. तसा प्रयत्न झाला की कर्नल तो एकटा प्रोग्रॅम बंद करतो, बाकीचं मशीन चालू राहतं. कर्नल हा मेमरीच्या गावचा तलाठी आहे: कोणता तुकडा कोणाच्या नावावर, कुठे कोणाची हद्द संपते, हे त्याच्या दप्तरात. एखाद्या शेतकऱ्याने हद्द ओलांडली तर दप्तर बघून त्याला रोखता येतं. पण दप्तराच्याच नोंदी परस्परविरोधी निघाल्या, तर पुढची प्रत्येक नोंद खोटी होण्याचा धोका असतो. अशा वेळी लिहिणं थांबवणं हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

कर्नल नेमकं तेच करतो. स्वतःच्या माहितीत न जुळणारी गोष्ट सापडली की तो मुद्दाम थांबतो, कारण पुढे चालत राहिला तर बिघडलेली माहिती डिस्कवर लिहिली जाईल आणि चांगल्या फाइलीही नासतील. लिनक्समध्ये या थांबण्याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. तो शब्द युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांतला. मल्टिक्स या आधीच्या भव्य सिस्टिमवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांच्याशी झालेलं एक संभाषण नोंदवून ठेवलं आहे. मल्टिक्समध्ये लिहिलेला निम्मा कोड चुकांतून सावरण्यासाठी होता, असं व्हॅन व्लेक यांनी सांगितलं. तेव्हा रिची म्हणाले की आम्ही ते सगळं वगळलं. आमच्याकडे ‘पॅनिक’ नावाचं एक रूटीन आहे, ते चाललं की मशीन कोसळतं आणि रीबूट करा म्हणून आम्ही हाक मारतो. आजचे कर्नल त्या काळापेक्षा पुष्कळ सोशिक झाले आहेत, तरी शेवटचा उपाय तोच राहिला.

म्हणून पहिलं काम म्हणजे पडदा वाचणं. विंडोजने तो टिकू द्यावा यासाठी आपोआप रीस्टार्ट होणं बंद करावं लागतं. एक्सपी आणि सेव्हनमध्ये मशीन चालू होताना एफ ८ दाबलं की येणाऱ्या यादीतच तो पर्याय असतो. मशीन चालू असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढायची. पुढच्या वेळी निळा पडदा जागेवर थांबतो आणि मोबाइलने फोटो काढता येतो. बघायच्या गोष्टी दोनच: मोठ्या अक्षरांतलं नाव किंवा त्याचा कोड, आणि ‘सिस’ने संपणारं एखादं फाइलचं नाव असेल तर ते. पडदा हुकला तरी विंडोज फोल्डरातल्या ‘मिनिडंप’मध्ये प्रत्येक कोसळण्याची छोटी फाइल साठते. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं मोफत साधन ती उघडून यादी दाखवतं. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी जर्नलमध्ये आधीच्या बूटचा कर्नल लॉग मिळतो. पॅनिक झाल्यावर पडद्यावर काहीच दिसत नसेल आणि जुन्या गोल पिनच्या कीबोर्डवरचे कॅप्स लॉक, स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकत असतील, तर तीही पॅनिकचीच खूण.

कोडपेक्षाही मोठा धागा म्हणजे त्यांची रांग. चार-पाच वेळा कोसळलेल्या मशीनचे कोड शेजारी-शेजारी लिहून बघावेत. दर वेळी तोच कोड आणि तीच फाइल असेल तर संशय एखादं उपकरण चालवणाऱ्या ड्रायव्हरवर. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसराच कोड येत असेल, कधी विंडोज चढवतानाच मशीन अडकत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर चुकतं ते बहुधा एकाच जागी. वाटेल तिथे चुका करणं हे बिघडलेल्या रॅमचं, विजेचं आणि तापलेल्या मदरबोर्डचं काम.

आता वऱ्हाडाच्या हवेकडे येऊ, कारण जुन्या मशीनची अर्धी कहाणी तिच्यात आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या दुकानात दुपारी कूलर चालू असला तरी चाळिशीच्या आसपास राहतो. प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांतला फरक आवरून धरतो. हा फरक ४० अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर राहील आणि ४२ अंशांच्या खोलीत ८२ वर. त्यात पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या जाळीत कापसाची तूस आणि धूळ बसली, प्रोसेसर आणि धातूच्या तुकड्यामधली पेस्ट दहा वर्षांत वाळून कडक झाली, की फरक ५५ वर जातो आणि मशीन अचानक बंद पडतं. ब्लोअर मारणं आणि नवी पेस्ट लावणं ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे आणि ती सगळ्यांत आधी करावी. मात्र ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो भरधाव फिरू देऊ नये.

उष्णता आणखी एक काम हळूहळू करत असते. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या भागात, छोट्या डब्यांसारखे कॅपेसिटर उभे असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांवर २००० तास टिकेल असा कॅपेसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकतो, ७५ अंशांवर १६,००० तास. रोज आठ तास दुकान चालत असेल तर पहिल्याला अकरा वर्षं मिळतात, दुसऱ्याला साडेपाच. १९९९ ते २००७ या काळात बाजारात आलेल्या कित्येक कॅपेसिटरमधलं रसायनच सदोष होतं. डेलसारख्या मोठ्या कंपनीला २००३ ते २००५ दरम्यानच्या ऑप्टिप्लेक्स मशीनच्या या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. पेटी उघडून या डब्यांची टोकं बघावीत. टोक सपाट असलं पाहिजे. फुगलेलं असेल किंवा तपकिरी द्रव बाहेर आलेला असेल, तर त्या बोर्डावर कितीही वेळा विंडोज चढवली तरी ती टिकणार नाही. चांगला कारागीर कॅपेसिटर बदलून देतो आणि बोर्ड पुढे काही वर्षं चालतो.

लाइनचा त्रास वेगळा ओळखता येतो. लाइन गेल्याने किंवा डिम झाल्याने मशीन बंद पडतं तेव्हा कर्नलला काही बोलायला सवडच मिळत नाही, म्हणून निळा पडदा येत नाही. पुढच्या वेळी विंडोज इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर’, क्रमांक ४१ अशी नोंद करते: मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. त्या नोंदीत ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर कर्नल कोसळलेला नव्हता. वीज तुटली असेल किंवा तापमानामुळे मशीनने स्वतःला बंद केलं असेल. आपल्या विजेची एक आवृत्ती २० मिलिसेकंदांची. चांगला एसएमपीएस साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि साधा यूपीएस १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो, म्हणून नव्या मशीनला काही जाणवत नाही. एसएमपीएसमधले कॅपेसिटर सुकले की ही तग धरण्याची मुदत आटते आणि यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होतं. लोक यूपीएसची बॅटरी बदलत राहतात, पण दोष एसएमपीएसमध्ये असतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागचं बटण बघा. पुष्कळ इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतात. ‘नॉर्मल’ पंख्या-दिव्यांसाठी ठीक आहे, पण बदलायला जास्त वेळ घेतो. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये. त्याच्या आतल्या मोठ्या कॅपेसिटरमध्ये ३२० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ राहतो.

खरी बारकाईने तपासायची गोष्ट रॅम. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कॅपेसिटर: भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली ही रचना शोधली आणि आजही तीच चालते. या कॅपेसिटरमधून विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम वाचून पुन्हा भरावी लागते. एखादी पेशी जुनी होऊन जास्त गळू लागली तर पुढची फेरी येण्याआधीच तिच्यातला एक शून्य होतो. तो बिट फोटोतला असेल तर एका ठिपक्याचा रंग बदलतो आणि कोणाला कळत नाही. तोच बिट कर्नलने ठेवलेल्या एखाद्या पत्त्यातला असेल तर कर्नल भलत्याच जागी जातो, तिथे काही नसतं, आणि पडदा निळा. रॅम गरम झाली की गळती वाढते. थंडीच्या दिवसांत निमूट चाललेलं मशीन एप्रिल-मेमध्ये दुपारीच का कोसळतं, याचं एक उत्तर इथे आहे. १ ए आणि ५० हे कोड वारंवार आले तर रॅमकडे आधी बघावं, पण बिघडलेली रॅम कोणताही कोड दाखवू शकते.

मशीनची वायर काढून, धातूच्या पेटीला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्यावी आणि रॅमची पट्टी काढावी. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर दिसला तर मऊ खोडरबराने हलकेच पुसावा आणि भुगा ब्रशने झटकावा. गावोगावचे दुरुस्तीवाले हे करतात, ते बरोबरच आहे, फक्त जोर लावू नये, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून मशीन चालवून बघावं. त्याने उलगडा झाला नाही तर मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करावं. याचं मूळ साधन ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलं आणि त्याच्यावरून पुढे हे मोफत रूप निघालं. ते विंडोजशिवाय चालतं, रॅमच्या प्रत्येक पेशीत वेगवेगळे नमुने लिहून परत वाचतं. रात्री दुकान बंद करताना लावून ठेवावं. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर ती पट्टी बाद. ‘एकच तर चूक आहे’ असं म्हणून ती ठेवू नये; कर्नल कोसळायला एकच बिट पुरतो. जुनी डीडीआर २ किंवा डीडीआर ३ पट्टी वापरलेल्या मालात मिळते.

हार्डडिस्कच्या बाबतीत क्रम बदलतो: आधी फाइली वाचवायच्या, मग तपासणी. ७ ए, २४, ईडी असे कोड किंवा कोसळण्याआधी मशीन मिनिटभर गोठणं ही डिस्कची लक्षणं आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे साधन डिस्कने स्वतः ठेवलेली नोंद दाखवतं. ‘रिअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर डिस्क चालली. फक्त ‘सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर डिस्क चांगली असून तिला जोडणारी साटा केबल खराब असण्याची शक्यता मोठी, आणि केबल बदलणं किती सोपं! मरत्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नये. तो तिला अखेरच्या तासांत सर्वांत जास्त दमवतो आणि नंतर फाइली वाचायला काही उरत नाही.

आता त्या नाण्याएवढ्या सेलची गोष्ट. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि बायोसमधली (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) निवड तो जपतो. काही वर्षांत तो संपतो आणि रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख चुकली की ब्राउझर सरकारी संकेतस्थळांची प्रमाणपत्रं नाकारतो, डिजिटल सही चालत नाही, आणि लोकांना वाटतं की नेट बिघडलं. याहून मोठा घात बायोसच्या मूळ निवडीवर जाण्याने होतो. विंडोज चढवताना डिस्कचा प्रकार ‘एएचसीआय’ ठेवलेला असेल आणि बायोस स्वतःहून ‘आयडीई’वर गेला, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही आणि चालू होतानाच ७ बी कोडचा निळा पडदा येतो. मशीन सुरूच होत नाही म्हटल्यावर फॉरमॅट ठरलेलाच, आणि त्यात सगळं जातं. खरं तर बायोसमध्ये जाऊन एक निवड परत बदलायची आणि सेल नवा टाकायचा, एवढंच काम असतं. चालू होताना ७ बी दिसला तर घड्याळाची तारीख बघितल्याशिवाय कोणी पुढचं पाऊल टाकू नये, असं मला आग्रहाने वाटतं.

हे सगळं नीट निघालं तर ड्रायव्हर. ग्राफिक्स कार्ड, वायफाय, डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल आणि अँटिव्हायरस यांचे काही भाग कर्नलच्याच पायरीवर चालतात, म्हणून त्यांची चूक ही कर्नलची चूक ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय मात्र साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणं. जुन्या मशीनलाही हेच लागू आहे. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर असतात. तिथे मशीन तासभर नीट चाललं तर शेवटी काय टाकलं होतं ते आठवून काढावं. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक आधी घालवावा.

अपडेटही जुन्या प्रोसेसरला कधी कधी सोसत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरच्या विंडोज अपडेटने काही जुन्या एएमडी प्रोसेसरची मशीन सुरूच होईनात, आणि मायक्रोसॉफ्टला तशा मशीनसाठी ते काही दिवस थांबवावं लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये विंडोज सेव्हनच्या अपडेटने, ज्या प्रोसेसरमध्ये ‘एसएसई २’ या सूचना नाहीत, त्या पेंटियम थ्रीच्या पिढीला निळ्या पडद्यावर आणलं. लिनक्सवर अपडेट चालू असताना लाइन गेली तर पुढच्या वेळी ‘रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही’ अशा अर्थाचा पॅनिक येतो. तिथे ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायात आधीचा कर्नल बहुधा शिल्लक असतो. तो निवडून मशीन सुरू करायचं आणि अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण करायचं.

एवढं झाल्यावरही सिस्टिम बदलायची वेळ येतेच. विंडोज सेव्हनचा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज इलेव्हन या मशीनना घेत नाही. तेव्हा फॉरमॅट करावा, पण डेस्कटॉपवरच्या फाइलींबरोबर टॅलीचा डेटा, मराठी फॉन्ट, पत्रिकांचे साचे आणि ब्राउझरमधले पासवर्ड वेगळे काढून. लिनक्स टाकायचं तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते आधी बघावं. ३२ बिटच्या मशीनसाठी इन्स्टॉलर देणारं शेवटचं डेबियन म्हणजे जून २०२३ चं डेबियन १२. ऑगस्ट २०२५ च्या १३ मध्ये तो नाही. सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे आणि त्यात मराठी आहे. सी-डॅक म्हणजे तीच संस्था, जिने अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला. हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केलं तेही त्याच वर्षी. दोन जीबी रॅमच्या मशीनवर डेबियनसोबत एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा आणि डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवावी. सेवा केंद्रात मात्र बोटाच्या ठशाचं यंत्र आणि प्रिंटर लिनक्सवर चालतो का, हे पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करून आधी बघून घ्यावं. चालत नसेल तर ते मशीन शाळेला द्यावं. तिथे टायपिंग आणि गणितं शिकायला ते पुरेसं आहे.